दिंडीतले दीर्घ पद्यपत्र: १९ च्या जागी २० मात्रा का भरतात?

लगक्रम:
एका जुन्या हस्तलिखित पद्यपत्राचे वृत्त आणि यमके तपासतो आहे. जवळपास २०० ओळी, दर दोन ओळींना यमक. टंकित प्रतीवरून मोजले तर बहुतेक ओळी १९ मात्रांच्या (मात्रा म्हणजे उच्चाराचा काळ मोजायचे एकक), म्हणून दिंडी हे वृत्त धरले. पण मध्येच २० भरतात. उदाहरणार्थ:

पत्र आले ते अवचित मजपाशी
तुझ्या शब्दांच्या उलगडीत राशी

पहिलीत १९, दुसरीत २०. कवी चुकला की मोजणी? शिवाय निम्म्यानंतर यमके जुळेनाशी होतात. काहींच्या मते ही ओवीच आहे.

यतिस्थान:
दिंडीच आहे, आणि दुसरी ओळही १९चीच आहे. तुम्ही 'तुझ्या'तला 'तु' गुरू (दोन मात्रांचा) धरलात. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू हा नियम आघात पडला तरच लागतो. 'पत्र' म्हणताना 'प'वर जोर येतो, म्हणून २+१. 'तुझ्या'त 'तु'वर येत नाही, म्हणून १+२. 'दुसऱ्या'तला 'स'ही तसाच लघू (एका मात्रेचा). 'तुम्ही'बाबत मात्र सावध राहा, काही कवी तिथे 'तु' गुरू घेतात; त्याच पत्रातल्या इतर जागा पाहून ठरवा.

एकूण बेरीज करूच नका, दिंडीच्या ओळीचे ९ आणि १० मात्रांचे दोन भाग वेगळे मोजा. 'तुझ्या शब्दांच्या' = १+२, २+२+२ = ९. इथे यती, म्हणजे थांबा. 'उलगडीत राशी' = ३+३+२+२ = १०. शेवटी दोन गुरू, ही दिंडीची खूण. बेरीज १९ आली तरी विभागणी १०+९ निघू शकते, आणि मग ती ओळ मोठ्याने म्हणून पाहिली की लगेच अडखळते.

जुनी_वही:
टंकित प्रत बाजूला ठेवा आणि मूळ कागदावरून मोजा. १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे शब्दान्तीचे इकार-उकार दीर्घ लिहितात. कवितेला त्यात सूट आहे, पण टंकणारा ती विसरतो. मुळात 'कवि म्हणे आता' असेल तर १+१+१+२+२+२ = ९. त्याचे 'कवी म्हणे आता' केले की झाले १०! ('म्ह'मुळे आधीचे अक्षर सहसा गुरू होत नाही, तेही ध्यानात असू द्या.)

उलट फसगत अनुस्वाराची. जुन्या लेखनात 'हंसत आली ती' दिसेल. तो अनुस्वार उच्चारला जात नाही, 'हं' लघूच, म्हणून ९. 'अंगण'मधला उच्चारला जातो, तिथे गुरू.

ओवीचा प्रश्न लवकर सुटतो. चांगदेव पासष्टी हे पत्रोत्तर ६५ ओव्यांचे आहे. तिथे पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. तुमच्याकडे दोन-दोन ओळींची यमके आणि ठाम ९+१० आहे. मात्र मायना आणि शेवट वेगळ्या वृत्तात असू शकतो, म्हणून नमुन्याच्या २० ओळी मधून घ्या.

अंत्ययमक:
यमकासाठी प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरे वेगळ्या रकान्यात उतरवा. 'मजपाशी–राशी' हे भरीव यमक: 'शी' समान, आधीचा 'आ'ही समान. 'आला–गेला' यात फक्त 'ला' जुळतो, आधीचा स्वर नाही. त्याची नोंद वेगळी. दीर्घ पत्रात अशी क्रियापदी यमके कुठे दाटतात ते पाहण्यासारखे असते, कारण तिथे बहुधा कवी नुसती हकीकत पुढे ढकलत असतो. डोळ्यांवर विसंबू नका: 'मीच'मधला 'च' दंत्य ('चाक'मधल्यासारखा), 'नीच'मधला तालव्य ('चंद्र'मधल्यासारखा). कागदावर जुळतात, कानाला नाही.

निम्म्यानंतरची गडबड ही नक्कलेत गळालेली ओळ असणार. १–२, ३–४ असे जुळत आलेले अचानक २–३, ४–५ असे जुळू लागले का बघा.

लगक्रम:
तसेच आहे. ११३वी एकटी पडते, ११४–११५ पासून पुन्हा नीट जोड्या. मूळ प्रतीवरून मोजल्यावर २० मात्रांच्या दोनच ओळी उरल्या. गळालेली ओळ ११३च्या आधीची की नंतरची, हे कसे ठरवायचे?

अंत्ययमक:
अर्थावरून. ११३चे वाक्य अपुरे राहत असेल तर नंतरची गेली. कर्ता किंवा संबोधन मागे कुठेच सापडत नसेल तर आधीची. तिथे रिकामी ओळ क्रमांकासह ठेवा, म्हणजे पुढच्या जोड्या सरकणार नाहीत. स्वतः रचून भरू नका. उरलेल्या दोन ओळी दुरुस्त न करता '१०+१०' अशाच नोंदवा.