पाडव्याच्या सुट्टीत आगाखान पॅलेसला जावे का?

प्रश्न (मोगरा) :
पाडव्याच्या दिवशी दुपारनंतर आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघे, आठ आणि अकरा वर्षांची मुले आणि माझे सासू-सासरे, नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस पाहायला जावे असा विचार करत आहोत. पुणे करार याच वाड्यात झाला असल्यामुळे मुलांना ते ठिकाण दाखवावे असे मला वाटते. परंतु वर्षाच्या पहिल्याच दिवशी समाध्या असलेल्या जागी जाऊ नये, त्यापेक्षा शनिवारवाड्याला चला, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय त्यांचे गुडघे दुखतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (जुना पेठकरी) :
गुडघ्यांचा विचार केला तर सासूबाईंनीच सुचवलेला शनिवारवाडा त्यांना अधिक जड जाईल. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळून गेल्या असून आता तेथे मुख्यतः जोती, हजारी कारंजे आणि तटबंदी पाहायची असते. तटावर चढण्यासाठी दगडी पायऱ्या आहेत आणि आत सावली फारशी नाही. मुलांना दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे मात्र नक्की आवडतील, हे मी पेठेतला माणूस म्हणून अभिमानाने सांगतो. आगाखान पॅलेसला इमारतीभोवती सुमारे अडीच मीटर रुंदीचा कमानदार व्हरांडा आहे, त्यामुळे चैत्राच्या उन्हातही ज्येष्ठांना सावलीतून फिरता येते, आणि मुलांसाठी हिरवळ व मोठी झाडे आहेतच.

वेळेचे गणित मात्र नीट मांडावे. पॅलेस सायंकाळी साडेपाचला बंद होतो आणि गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवायची असते. श्रीखंड-पुरी जेवून वामकुक्षी घेतलीत, तर बेत फसलाच म्हणून समजा.

उत्तर २ (नदीकाठ) :
एक दुरुस्ती आवश्यक आहे. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात झाला, आगाखान पॅलेसमध्ये नव्हे. दोन्ही ठिकाणे जवळ असल्यामुळे हा घोळ पुष्कळांचा होतो. सुलतान मुहम्मद शहा, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी हा वाडा १८९२ मध्ये बांधला आणि त्यातून आसपासच्या दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळाला. तो बंदिखाना झाला ऑगस्ट १९४२ मध्ये. गांधीजी, कस्तुरबा, सरोजिनी नायडू, मीराबेन आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना तेथे स्थानबद्ध केले होते. महादेवभाई अवघ्या सहा दिवसांत, १५ ऑगस्टला, गेले. त्यांचे वय जेमतेम पन्नास वर्षांचे होते. त्यांचा अंत्यसंस्कार आवारातच करावा लागला आणि गांधीजी रोज तेथे फुले वाहायला जात असत. अकरा वर्षांच्या मुलाला सनावळ्यांपेक्षा हे सांगितलेले अधिक लक्षात राहील.

उत्तर ३ (चाफा) :
सासूबाईंच्या शंकेबद्दल दोन शब्द. आळंदीला आपण सणासुदीला जातो, तेथेही ज्ञानेश्वर महाराजांची समाधीच आहे आणि तिला कोणी अशुभ मानत नाही. कस्तुरबांचे निधन याच वाड्यात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी झाले आणि त्यांचीही समाधी तेथेच आहे; त्या दिवशी महाशिवरात्र होती, हे सासूबाईंना जरूर सांगावे. माझ्या आईने ते ऐकले आणि ती स्वतःहून दोन फुले घेऊन निघाली. तरीही त्यांचे मन घेत नसेल, तर आग्रह धरू नये. पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊला, पॅलेस उघडताच जावे; ऊन कमी असते आणि गुढीची घाईही नसते. मेट्रोने आल्यास कल्याणीनगर स्थानकावरून रिक्षा करावी, ज्येष्ठांना पायी चालवू नये. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. डबा घेऊन हिरवळीवर बसण्याचा बेत असेल, तर प्रवेशद्वाराशी आधी विचारून घ्यावे.

मोगरा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कराराबाबतची चूक मुलांना सांगण्याआधीच दुरुस्त झाली, हे बरे झाले. महाशिवरात्रीची गोष्ट ऐकून सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग रविवारी किती वाजता निघायचे, असे त्यांनीच विचारले. पाडव्याला आता घरीच श्रीखंड आणि वामकुक्षी.