टेकडीच्या उतारावर डोळे मिटले की तोल जातो, नॉर्मल आहे का?

कोथरूडची_अनु
रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते, वय ३६, बीपी शुगर काही नाही. परवा ग्रुपमधल्या ताईंनी डोळे मिटून हात जोडून उभं राहायला लावलं, जागा जरा उताराची होती, डोळे उघडे तोवर ठीक पण मिटले आणि लगेच पुढे झुकायला लागले, बुटात बोटं आपोआप आवळली गेली आणि घोट्यापुढच्या शिरा टकटक उडायला लागल्या. घरी फरशीवर केलं तर थोडंसंच हलते. मला काही झालंय का? खरंच घाबरलेय.

फिजिओ_पुणे३०
घाबरू नका, धडधाकट माणूसही डोळे मिटले की जास्त हलतो. तोल तीन गोष्टी सांभाळतात, डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळवे-घोटे-पोटरीतून येणारी जाणीव. तुम्ही डोळे मिटून एक काढून घेतली आणि उतारामुळे घोट्याचा कोन बदलला म्हणून तिसरीलाही रोजच्यासारखा अंदाज येईना. चढाकडे तोंड असेल तर पोटरी ताणलेली, उताराकडे असेल तर सैल, आणि मेंदूला सवय सपाट जमिनीची. गंमत म्हणजे चढाकडे तोंड करून तिरक्या फळीवर दोन-तीन मिनिटं डोळे मिटून उभं राहिलं आणि तसंच सपाटीवर आलं तर बऱ्याच जणांचं अंग थोडा वेळ पुढे झुकलेलं राहतं, त्यांना मात्र आपण सरळच आहोत असं वाटतं! डोळे उघडले की अंग सरळ होतं.
अजून एक, कडेला उभं राहून लांब सिंहगडाकडे बघितलं तर डोळ्यांचा आधार कमी मिळतो, कारण आपण हललो की जवळचं झुडूप नजरेत सरकतं, लांबचा डोंगर सरकल्यासारखा वाटत नाही. तेव्हा नजर जवळच्या स्थिर वस्तूवर ठेवा.

जोशीकाका_एरंडवणा
फिजिओ बरोबर सांगतायत, पण माझं ऐका. मी सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की कलंडायचो, आणि तेही सपाट फरशीवर, वय म्हणून सहा महिने सोडून दिलं. शेवटी तपासलं तर बी१२ फार कमी, पायांची जाणीवच मंदावली होती. आम्ही पक्के शाकाहारी. तेव्हा सपाटीवर पाय जुळवून डोळे मिटल्यावर पाऊल टाकावं लागत असेल, पाय बधिर वाटत असतील तर डॉक्टरांना दाखवाच, माझ्यासारखा वेळ घालवू नका.

फिजिओ_पुणे३०
काका, अगदी महत्त्वाचं सांगितलंत. डॉक्टर उभं करून डोळे मिटायला लावतात ती रोमबर्ग टेस्ट हेच बघते. अनु, घरी करताना कोणीतरी शेजारी उभं पाहिजे.

कोथरूडची_अनु
केलं काल, आई शेजारी होती. सपाटीवर पाय जुळवून, डोळे मिटून अर्धा मिनिट आरामात. आज टेकडीवर त्याच जागी एक बोट नुसतं झाडाच्या खोडाला टेकवलं, भार अजिबात दिला नाही, तरी हलणं एकदम कमी! असं कसं?

फिजिओ_पुणे३०
बोटाच्या टोकाला कातडी किंचित जरी ओढली गेली तरी मेंदूला कळतं आपण कुठल्या बाजूला चाललोय. अंधारात जिना उतरताना भिंतीला हात लावतो ना, तसंच. पुढचे काही दिवस खोडाजवळच करा.