मदत हवी आहे: रिकाम्या ट्रकला ६५ च्या आसपास थरथर

दहा चाकी ट्रक आहे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलल्यापासून ताशी ६० ते ७० किमीमध्ये सीट आणि केबिनच्या फ्लोअरला बारीक थरथर येते. स्टिअरिंग शांत असतं. माल भरला की बरीच कमी होते, रिकामी गाडी मात्र ड्रायव्हरला दमवून टाकते.

त्याच वेगात खालचा गिअर टाकला तरी फरक नाही, न्यूट्रलला सोडली तरी तशीच. म्हणून इंजिन, क्लच आणि इंजिन माउंटिंग बाजूला ठेवलंय. टायर बॅलन्स केले, चाकं पुढे-मागे बदलली, काही फरक नाही. तसंही ६५ ला टायर सेकंदाला पाच-सहाच फेरे घेतो, त्याचा हादरा संथ जाणवला असता. ही तर गुणगुण आहे. डिफरन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो साधारण ६, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) सहा फेरे घेतो, सेकंदाला तीसच्या वर. माझा संशय तिथेच आहे. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) नाही, शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही ठीक आहे.

पाट्यांमुळे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगचा कोन बदलला असेल का? की शाफ्ट जोडताना योकच्या (सांध्याच्या दुबेळक्यांच्या) जुळवायच्या खुणा चुकल्या असतील? पण मग लोडवर का कमी व्हावी? कोन कुठे आणि कसा मोजायचा, पाचर घालून दुरुस्त होतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं. शाफ्ट असाच चालवला तर गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग जाईल, ही खरी काळजी आहे.