जुन्या वॅगन आरचे इंजेक्टर घरच्या घरी कसे तपासावेत?

घाटवाट (प्रश्न)

माझ्याकडे 2004 सालची पेट्रोलवर चालणारी वॅगन आर आहे. चार सिलिंडर, 1061 सीसी, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). गेला महिनाभर स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना इंजिन थरथरते, मिसिंग (एखादा सिलिंडर मध्येच काम न करणे) जाणवते आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप मिळत नाही. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर नवे घातले, तरी फरक पडला नाही. गॅरेजमध्ये कोणतीही तपासणी न करता चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला. गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने तो खर्च मोठा आहे, आणि गाडी वडिलांनी घेतलेली असल्याने ती मोडीत काढण्याची माझी तयारी नाही.

माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आणि पान्यांचा संच आहे. एवढ्यावर दोष नेमका कोणत्या इंजेक्टरमध्ये आहे, हे कळू शकेल का? काही जण इंजेक्टर बाहेर काढून थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडतात आणि पेट्रोलची फवारणी पाहतात. ते घरी करावे का?

ओहम

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: करू नये. इंजेक्टरमधून पेट्रोलचे अतिशय बारीक तुषार निघतात, आणि बॅटरीला वायर लावताना किंवा काढताना ठिणगी पडतेच. या दोन गोष्टी एका ठिकाणी आणणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. शिवाय स्लोवर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंजेक्टरला एका वेळी साधारण 2 ते 3 मिलिसेकंदच उघडतो. इंजेक्टरमधल्या कॉइलला सलग 12 व्होल्ट दिले तर ती तापून जळू शकते.

इंजेक्टर न काढता बरेच काही कळते. इंजिन गरम झाल्यावर ते स्लोवर ठेवा आणि इंजेक्टरचे कनेक्टर एक-एक करून काढा व पुन्हा बसवा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिनचा आवाज लगेच खाली येतो. ज्याचा काढल्यावर काहीच बदल होत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही. यासाठी प्लगची वायर काढण्याची जुनी पद्धत वापरू नका, कारण त्यात न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाते आणि तो खराब होतो. कनेक्टर काढला की पेट्रोलच बंद होते.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी बदलून पाहा. दोष प्लगबरोबर सरकला तर इंजेक्टर निर्दोष आहे. नंतर इंजिन थंड असताना, चावी बंद ठेवून, प्रत्येक इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. अशा गाड्यांमध्ये तो साधारण 12 ते 16 ओहम असतो, पण नेमक्या आकड्यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करावा. शेवटी इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर व मूठ कानाला लावून त्याच्या उघडझापीची टिकटिक ऐका. सैल कपडे आणि हात मात्र बेल्ट व पंख्यापासून दूर असू द्या.

जुनागॅरेजवाला

वरील क्रम योग्य आहे, पण त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. रोध बरोबर आला याचा अर्थ कॉइल शाबूत आहे, एवढाच. तोंडाशी डिंकासारखा थर साचून फवारणी बिघडली असेल, तर तरीही आकडे बरोबरच येतील आणि टिकटिकही ऐकू येईल. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत मी हे फार पाहिले आहे. किती पेट्रोल पडते आणि तुषार कसे उडतात, हे फक्त टेस्ट बेंचवरच (इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर) दिसते. तिथे अल्ट्रासोनिक सफाईही होते, आणि मला तरी ती टाकीत ओतायच्या औषधापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

इंजेक्टर गळत असेल तर खुणा वेगळ्या असतात: प्लग काळा व ओला निघतो, पेट्रोलचा वास येतो आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होताना त्रास देते. रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उघडण्याची वेळ आली तर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो; त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. जुन्या ओ-रिंग (इंजेक्टरच्या रबरी कड्या) पुन्हा बसवू नयेत. या गाड्या 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून बनलेल्या नाहीत, त्यामुळे रबरी नळ्याही त्याच वेळी पाहून घ्याव्यात.

घाटवाट

दोघांचेही आभार. तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही. प्लग बदलून पाहिला, दोष तिसऱ्यावरच राहिला. रोध मात्र चारही ठिकाणी 14 ओहमच्या आसपास आहे, आणि तिसऱ्याची टिकटिक मुळीच ऐकू येत नाही.

ओहम

कॉइल शाबूत आणि टिकटिक नाही, म्हणजे बहुधा इंजेक्टरपर्यंत आदेशच पोहोचत नाही. चावी चालू करून कनेक्टरच्या एका पिनेवर बॅटरीइतके व्होल्ट येतात का पाहा. दुसरी पिन ईसीयूकडे जाते. ईसीयू तिला ठरावीक क्षणी अर्थिंगला (निगेटिव्हला) जोडतो, तेव्हाच इंजेक्टर उघडतो. एका एलईडीला 1000 ओहमचा रेझिस्टर जोडून तो कनेक्टरच्या दोन पिनांत लावा, प्लस बाजू व्होल्टवाल्या पिनेकडे. इंजिन चालू असताना तो लुकलुकला पाहिजे. आधी चांगल्या सिलिंडरच्या कनेक्टरवर पाहा, म्हणजे तुमचा टेस्टर बरोबर आहे याची खात्री होईल.

घाटवाट

पहिल्या कनेक्टरवर एलईडी नीट लुकलुकला, तिसऱ्यावर लागलाच नाही, पण व्होल्ट येत होते. वायरींची जुडी हाताने हलवली तसा तो मध्येच लुकलुकून बंद झाला. टेप सोडल्यावर कनेक्टरपासून चार बोटांवर ईसीयूकडे जाणारी वायर उष्णतेने कडक होऊन आतून तुटलेली सापडली. वरचे आवरण मात्र अखंड होते. बॅटरी सोडवून नवा तुकडा सोल्डर केला आणि हीट-श्रिंक नळी चढवली. आता चारही कनेक्टर काढताना आवाज सारखाच उतरतो, आणि काल घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला. थंड असताना किंचित थरथर अजून आहे, म्हणून इंजेक्टर बेंचवर साफ करून घेणार आहे. नवे घेणार नाही.