मदत हवी आहे: आगीचा दाखला नेमका कोणी द्यायचा?

शिवारकर: नमस्कार. मंगळवारी पहाटे आमचे पशुखाद्याचे दुकान जळाले. विमा कंपनीला आगीचा दाखला आणि पोलीस पंचनामा तातडीने हवा आहे. पोलीस ठाण्यात नगरपंचायतीकडे जायला सांगतात आणि नगरपंचायत म्हणते की बंब आमचा नव्हताच. तीन दिवस मी या दोन कार्यालयांचे उंबरे झिजवतो आहे. दाखला कोणी द्यायचा, एवढेच कृपया सांगावे.

सदाफुली: मग बंब कोणाचा होता? आग कशाने लागली, कोणी जखमी झाले का, आणि तुम्ही कोणाला कळवले होते? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे.

शिवारकर: आमच्या गावाला बंबच नाही, हे लिहायचे राहिले. 101 लागला नाही, म्हणून 112 ला फोन केला. पोलिसांची गाडी आधी आली. बंब शेजारच्या तालुक्याच्या नगरपरिषदेतून आला, तोवर शेजाऱ्यांनी पाण्याच्या टँकरने आग बरीच आटोक्यात आणली होती. जखमी कोणी नाही. शॉर्टसर्किट असावे.

जुना फायरमन: मी नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात 27 वर्षे नोकरी केली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. ज्या केंद्राने वर्दीवर, म्हणजे आगीची खबर मिळाल्यावर, बंब पाठवला, त्यानेच दाखला द्यायचा असतो. आग कोणाच्या हद्दीत लागली हा प्रश्न इथे येत नाही. वर्दी कधी व कोणाकडून मिळाली, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, हे सगळे तिथल्या नोंदवहीत असते आणि दाखला त्या नोंदीवरूनच तयार होतो. त्या नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. हद्दीबाहेरच्या वर्दीचे शुल्क लागते का, तेही तिथेच विचारा, कारण पुष्कळदा कागद तिथेच अडतो.

कृष्णाकाठ: शुल्क कशासाठी? अग्निशमन सेवा हा विषय 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आलेला आहे. गावाला बंब नाही, याचा भुर्दंड जळालेल्या दुकानदाराने का सोसायचा?

जुना फायरमन: आपला मुद्दा मला मान्य आहे, लहान गावांना बंब मिळावा म्हणून आम्हीही अर्ज केले होते. परंतु या गृहस्थांना या आठवड्यात कागद हवा आहे, म्हणून तूर्त शुल्क भरून पावती घ्यावी.

गुलमोहर: दुकानात एबीसी पावडरचे अग्निशामक सिलिंडर अवश्य ठेवा आणि त्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दरमहा पाहा. पशुखाद्याच्या पोत्यांजवळ वायरिंग मोकळे ठेवू नये.

सदाफुली: हे नव्या दुकानासाठी उपयोगी पडेल. शिवारकर, पोलीस ठाण्यात लेखी खबर दिली होती का?

शिवारकर: नाही. पोलीस स्वतः येऊन पाहून गेले होते, त्यामुळे नोंद झालीच असेल असे मी धरून चाललो.

सदाफुली: अडचण तिथेच आहे. माझ्या भावाच्या गोठ्याच्या वेळी हेच झाले होते. आधी लेखी अर्ज द्या, मग ‘अकस्मात जळीत’ म्हणून नोंद होते आणि दोन पंचांसमक्ष पंचनामा केला जातो. 112 ला फोन केल्याची तारीख आणि वेळ अर्जात लिहा. कोणी आग लावल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. मग गुन्हा नोंदवावा लागतो आणि प्रथम खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

कृष्णाकाठ: तलाठ्यांकडूनही पंचनामा करून घ्या.

जुना फायरमन: तो प्रामुख्याने शासकीय मदतीसाठी असतो, विमा कंपनी तेवढ्यावर थांबेल असे धरून चालू नका. कारण शॉर्टसर्किट लिहायचे असेल तर विद्युत निरीक्षकांचा अहवालही मागू शकतात.

शिवारकर: मनापासून आभार. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन तसाच पुढे नगरपरिषदेत जातो. शेवटचा एक प्रश्न: भिजून फुगलेली सरकी पेंड कुजू लागली आहे, वासाने शेजारी हैराण आहेत आणि वडिलांना ते पाहवत नाही. विमा कंपनीचा नुकसान पाहणारा सर्व्हेअर अजून आलेला नाही. पोती हलवू का?

जुना फायरमन: पंचनामा आणि सर्व्हे होईपर्यंत काहीही टाकून देऊ नका. विमा कंपनीला आजच ईमेल करून माल कुजत असल्याचे कळवा आणि हलवण्याची परवानगी लेखी मागा. प्रत्येक थप्पीचे फोटो काढा, पोती मोजा आणि जळालेल्या खातेवहीची उरलेली पाने कोरड्या पिशवीत वेगळी ठेवा, कारण साठा किती होता हे त्यावरूनच दाखवता येईल.