दुधाचा चहा आणि १६:८

१६:८ म्हणजे दिवसातले सोळा तास उपास आणि उरलेल्या आठ तासांतच खाणं. यात सकाळचा दुधाचा चहा उपासाच्या तासांत चालतो का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नाही. दूध-साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढतंच. मी कोरा चहा घेतो. पहिले काही दिवस डोकं भणभणलं, मग सवय झाली.

दुपारी बारा ते रात्री आठ एवढंच खातो. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही. वजनापेक्षा जेवणानंतरची सुस्ती आधी गेली. पण उपास सोडताना साबुदाणा खिचडीवर आडवा हात मारला तर ते 'एकादशी अन् दुप्पट खाशी'च! मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, साखर एकदम खाली जाऊ शकते. ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकवर उपाय कुणाकडे आहे का?