कुशीवर वळण्याची युक्ती
स्कोलिओसिसची (पाठीचा कणा एका बाजूला वाकण्याच्या विकाराची) शस्त्रक्रिया होऊन दहा दिवस झाले तरी मुलगी अंथरुणातून उठायला घाबरते, असे आपण लिहिले आहे, म्हणून स्वतःचा अनुभव कळवते. माझ्या कण्याचा बाक ५८ अंशांचा होता (साधारणपणे ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो) आणि पाठीत सळ्या व स्क्रू घेऊन बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी परतल्यावर मीही अशीच रडत असे. ‘अंग न पिळता उठा’ या सूचनेचा अर्थ मला उमगला तो रावपुऱ्यातल्या, हेच सारे आधी सोसलेल्या एका ताईंमुळे. त्यांनी माझ्याच पलंगावर आडवे होऊन, गुडघे दुमडून, खांदे आणि कंबर ओंडक्यासारखी एकदम कुशीवर वळवून, पाय खाली सोडता सोडता कोपराच्या रेट्याने उठून दाखवले. वेदनाशामकांमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठाचा विषयही त्यांनीच काढला, इतर सगळे संकोचले होते! शस्त्रक्रियेत जोडलेले मणके एकमेकांना सांधायला साधारण ६ महिने ते १ वर्ष लागते, त्यामुळे त्या वर्षी गणपतीत पाटावर बसून जेवणे हुकले. आपण बडोद्यातच असाल तर ताईंना विचारून भेट ठरवते. मात्र आपल्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असल्यास तेच पाळावे.